पापणीवरचं अभ्रक

दुपारी पावणेतीनला बेल वाजली तेव्हा माझा एक डोळा तांबूस सोनेरी होता आणि दुसरा रोजचा.

दारात इस्त्रीवाले काका. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि कपडे मोजायला लागले. एरवी नुसतं "चौदा" म्हणून मोकळे होतात. त्या दिवशी एकेक शर्ट मोजला. मीही पाकिटात सुटे पैसे शोधत राहिले, तेवढीच मान खाली. निघताना म्हणाले, "लग्न आहे वाटतं, ताई?" मी "हो" म्हणून टाकलं. कुणाचं ते त्यांनी विचारलं नाही, हे बरं झालं.

डबी दोन दिवसांपूर्वी लोकलमध्ये घेतली होती. दादरला दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. परतताना उजवा गाल बधिर, आणि दुपारचा लेडीज डबा म्हणजे चालतं-बोलतं तुळशीबाग. कानातली, क्लिपा, लसूण सोलायची नळी, त्यातच एक मुलगी मेकअपचा ट्रे घेऊन आली. मी बघते आहे हे तिनं माझ्या आधी ओळखलं. "हात द्या ना, ताई." मनगटावर बोटानं एक पट्टा ओढला. कळव्याच्या पुढे गाडी जरा वळली, खिडकीतून ऊन आत आलं आणि तो पट्टा पेटलाच. दीडशे रुपये, नऊ घरं. अर्धं तोंड बधिर असताना माणसानं खरेदी करू नये असं माझं मत झालं आहे, पण ते नंतर.

मी आजवर डोळ्यांना काजळापलीकडे काही लावलेलं नाही. त्रेपन्नाव्या वर्षी सुरुवात करायची तर पहिली अडचण चष्म्याची. लावला तर पापणी सापडत नाही, काढला तर आरसा सापडत नाही. शेवटी आरशाला नाक लावून उभी राहिले. डबीबरोबर आलेला ब्रश बाहुलीच्या भातुकलीतला असावा. त्यानं निम्मी पूड गालावर सांडली. मग बोट घेतलं. मधलं नाही, अनामिका. ती जोर करत नाही. देवाला गंधही तिनंच लावतात, ते उगाच नाही. बोटाच्या उबेनं पूड जरा विरघळल्यासारखी होते आणि पापणीवर बसते. थोपटायची, घासायची नाही. हे कळायला मला दीड पापणी लागली.

पण त्रेपन्न वर्षांची पापणी म्हणजे घडी घातलेलं पातळ. पाचच मिनिटांत सगळी चमक चुण्यांमध्ये जाऊन बसली, अंगणातल्या भेगेत रांगोळी बसते तशी. लेक म्हणाली (तिला फोटो पाठवला होता, एकाच डोळ्याचा), "आई, आधी प्रायमर लावायचा गं." म्हणजे रंग द्यायच्या आधी लांबी भरायची. भिंत काय, पापणी काय.

आणि तिनं बजावलं ते वेगळंच: शिमर लाव, पण हस्तकलेची चमकी डोळ्यांना लावू नकोस. दोन्ही मला एकच वाटत होत्या. शिमर म्हणजे मऊ, पिठासारखी पूड. हस्तकलेची चमकी म्हणजे बहुतेक वेळा अॅल्युमिनियम चढवलेल्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचे बारीक कापलेले तुकडे, नीट पाहिलं तर षटकोनी, कोपऱ्यांसकट. डोळ्यात गेले तर बुबुळावर ओरखडा उठतो. आता आठवतं, शाळेच्या गॅदरिंगला कोळीनृत्यासाठी बाईंनी आमच्या पापण्यांवर खोबरेल चोळून वर स्टेशनरीच्या दुकानातली तीच चमकी दाबली होती. आम्ही सगळ्या कोळणी रडत नाचलो. पालकांना वाटलं, मुली भूमिकेत शिरल्या आहेत.

माझा एक जुना हेका आहे, तो इथे सांगून टाकते. "काहीच लावलेलं नाही असं दिसेल" असा जो मेकअप असतो, त्याचा मला राग येतो. तासभर खपायचं, हजारभर रुपये घालवायचे आणि दाखवायचं काय, तर आपण आत्ताच झोपेतून उठलो. चमकीचं तसं नाही. ही माझी कातडी आहे असं ती कधी म्हणत नाही. ती सरळ सांगते, मला वरून लावलंय. तरी आपल्या भाषेनं बिचाऱ्या बेगडीवरून खोटेपणाला शब्द काढला, 'बेगडी'. बेगडीनं कुणाला फसवलं? आमच्या तासगावकडे बेंदराला बैलांच्या शिंगांना हुरमुंज लावून वर बेगड चिकटवायचे. लाल, हिरवी, सोनेरी. बैल गल्लीतून निघाला की शिंगं लखलखायची, आणि याची शिंगं सोन्याची आहेत असं पोरांनाही वाटत नसे. सण आहे, म्हणून लावलंय. एवढाच व्यवहार. बैलालाही तो कळत असावा, कारण त्या दिवशी तो जरा मान वर करून चालायचा.

तर काका गेले, आणि गठ्ठा ठेवताना वरच्या शर्टाचा तो गरम कापसाचा वास आला. तिथून मी थेट तासगावच्या आमच्या माजघरात.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. बाबा पोस्टात. खाकी कपड्यांना घरीच इस्त्री करायचे आणि तिला कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. एका रविवारी ती तापेना. वर्तमानपत्र पसरून बाबांनी ती उघडली, स्क्रू एका वाटीत, नट दुसऱ्या वाटीत, आणि आतून एलिमेंट निघालं: चपट्या तारेचे वेढे, आणि ती तार ज्यावर गुंडाळलेली असते तो चकचकीत, काचेसारखा पण काच नसलेला पत्रा. "अभ्रक," बाबा म्हणाले. "वीज जाऊ देत नाही आणि जळत नाही." तार तुटली होती. नवं एलिमेंट बाजारातून आणायचं ठरलं आणि जुनं माझ्या मालकीचं झालं.

अभ्रक ज्यानं नखानं सोललं नाही, त्याला ते सुख सांगून कळणार नाही. एक पापुद्रा निघतो. वाटतं, झालं. त्या पापुद्र्याच्या कडेला नख घातलं की त्यातून आणखी एक. कांद्याला निदान शेवट असतो. तारेजवळ ते भाजून तपकिरी झालं होतं, कडेला मात्र स्वच्छ. शेवटी इतका पातळ तुकडा निघाला की फुंकरीनं उडाला. बोटं चमकायला लागली होतीच. मग साहजिक पुढचा विचार आला.

आईचा खलबत्ता घेतला. पण अभ्रक कुटलं जात नाही. बत्त्याखाली ते घसरतं, वाकतं, तुकडे होतात पण पूड होत नाही. (पुढे कधीतरी वाचलं की आयुर्वेदातही याच्याशी झगडावं लागलंय. अभ्रकाचे तुकडे साळीबरोबर कापडात बांधून कांजीत भिजवायचे आणि मग चोळायचे, तेव्हा कुठे बारीक कण गळून खाली येतात. त्याला धान्याभ्रक म्हणतात. भस्म त्याच्यापुढे.) मला साळ कुणी सांगितली नव्हती. मी कात्रीनं कापलं, बोटांनी चुरलं, आणि खोबरेल तेलाच्या बोटानं दोन्ही पापण्यांवर लावून बाबांपुढे जाऊन उभी राहिले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, फाटलेल्या मनिऑर्डरीवरचा पत्ता वाचावा तसं नीट पाहिलं आणि म्हणाले, "डावीकडे कमी झालंय." मग आई आली. "डोळे फुटायचेत कार्टीचे!" पदराला पाणी लावून तिनं इतकं खसाखसा पुसलं की अभ्रकानं झालं नसतं तेवढं पदरानं लाल झालं. दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला गेले ते उजव्या मिशीत एक कण घेऊन. खिडकीवरच्या लोकांना दिवसभर तो दिसत होता, सांगितलं कुणी नाही.

हे सगळं आठवत मी दुसरा डोळा रंगवला. डावा. तो कमीच झाला.

मग डबी उलटी केली. मागची अक्षरं मुंगीच्या पायांएवढी, म्हणून फोनचा कॅमेरा लावून मोठी केली. पहिलाच शब्द, मायका. पुढे कंसात एक क्रमांक, सीआय ७७०१९. म्हणजे अभ्रकच! इस्त्रीतलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तीच वस्तू, दीडशे रुपये देऊन, त्याच पापण्यांवर. मला इतका आनंद झाला की मी घरात कुणी नसताना "अगं बाई" म्हणाले.

वाचत गेले. नऊ घरांत नऊ रंग दिसतात, पण रंगद्रव्य थोडंच. अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर टायटॅनियम डायॉक्साइडचा अतिपातळ लेप चढवतात, आणि लेपाची जाडी बदलली की परतणाऱ्या उजेडाचा रंग बदलतो. पावसात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोल सांडलं की दिसतं, त्यातलंच हे. तांबूस सोनेरीसाठी त्यात लोहाचं ऑक्साइड, म्हणजे साधा गंज म्हणा. एक घर असं आहे की समोरून जांभळं आणि मान वळवली की हिरवं. डबीवर त्याचं काहीतरी इंग्रजी नाव आहे, पण ते सरळसरळ धूपछाव आहे. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. आईची एक साडी होती तशी, वाकली की मोरपिशी, उभी राहिली की वांगी. बाकीच्या घरांनाही मी मग नावं देऊन टाकली: श्रीखंडी, आमसुली, मोतिया, गुलबक्षी. नऊ कसले, आणखी डझनभर पुरवता आले असते. आणि अभ्रकावर ही करामत साधण्याआधी मोत्यासारखी चकाकी हवी असली तर माशाच्या खवल्यांमधून काढायचे. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात खोटे मोती करायची तीच युक्ती. म्हणजे आमच्या इमारतीतल्या कडक शाकाहारी काकूंना हे सांगायचं की नाही, हा एक प्रश्न आहे. नाही सांगणार.

इथे खरं तर थांबायला हवं होतं. पण वाचण्याची खोड वाईट.

अभ्रक येतं कुठून, म्हणून पाहिलं. झारखंडातलं कोडरमा, गिरिडीह, लगतचा बिहारचा भाग. एकेकाळी तिथे मोठ्या, रीतसर खाणी होत्या. १९८०चा वनसंरक्षण कायदा आला, आणि पुढे बऱ्याचशा बंद पडल्या. खाणी बंद पडल्या, अभ्रक संपलं नव्हतं आणि गावातली पोटंही होतीच. मग लोक सोडलेल्या खाणींत आणि जुन्या ढिगाऱ्यांत उतरून उरलेसुरले तुकडे वेचायला लागले. तिकडे त्याला ढिबरा म्हणतात. बायका वेचतात, मुलं वेचतात. मुलांची बोटं बारीक आणि अरुंद बिळात शिरायला अंगही बारीक. २०१६मध्ये अशी बिळं ढासळून मुलं गेल्याच्या बातम्या बाहेर आल्या, त्यातल्या काही दडपल्या गेल्या होत्या. मग परदेशी कंपन्या जाग्या झाल्या, २०१७मध्ये त्यासाठी एक संस्थाही निघाली. काही जण आता प्रयोगशाळेत केलेलं अभ्रक वापरतात. डबीवर तसं असेल तर नाव वेगळं आणि भलं लांबलचक असतं, सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट. माझ्या डबीवर ते नाव नव्हतं. नुसतं मायका. कुठलं, ते तीन ओळींत लिहिलेलं नसतंच.

नऊ-दहा वर्षांची मुलगी, नखानं पापुद्रे सोलते. माझ्यापुढे वर्तमानपत्र पसरलेलं होतं, आणि तोंड उजेडाकडे वळवून बघणारे बाबा.

उठून तोंड धुतलं. पाण्यानं जात नाही ते. खोबरेल लावावं लागतं, मग कापूस, मग पुन्हा खोबरेल. तरी संध्याकाळी पोळी लाटताना मनगटावर एक कण दिसला आणि रात्री उशीच्या अभ्र्यावर दोन. (अभ्र्याचा आणि अभ्रकाचा काही संबंध आहे का, तेही पाहायचं राहिलं.)

लेकीला विचारलं, "टाकून देऊ का गं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "टाकून कुणाला काय मिळणार? पुढच्या वेळी बघून घे." हे तर मलाही कळत होतं. मला बहुधा तिनं "टाक" म्हणायला हवं होतं.

डबी टाकली नाही. गेल्या महिन्यात खरोखरच लग्न निघालं, भाचीचं, तेव्हा लावली. प्रायमरसकट. दोन्ही डोळे सारखे झाले, सगळ्यांनी चांगलं म्हटलं, नवऱ्याच्या लक्षातही आलं नाही. परवा इस्त्रीवाले काका आले तेव्हा मुद्दाम सांगितलं, "झालं हो लग्न." ते "बरं झालं" म्हणाले आणि कपडे न मोजता गेले.

तांबूस घर सगळ्यात आधी संपत चाललंय. रोज थोडं बोट त्याच जागी टेकतं. मधोमध खड्डा पडलाय आणि खालचा पत्रा दिसायला लागलाय.