हातात तीन सामने

हंगामाआधीची बैठक

कोचनी आज डावपेचांचा विषयच काढला नाही. वही उघडली आणि एकेकाला विचारत सुटले: कामावरून किती वाजता सुटतोस, साप्ताहिक सुट्टी कधी, रात्रपाळी कुठल्या आठवड्यात. दोन नवी पोरं एकमेकांकडे बघून हसली. हसू देत, थोडे सामने झाले की कळेल.

आमची फुटबॉल लीग अर्धव्यावसायिक. म्हणजे करार आहे, नोंदणी आहे, कार्डं साठली की बंदी आहे, खालच्या विभागात घसरायची टांगती तलवार आहे. मानधनही आहे, पण त्यात जाण्यायेण्याचा खर्च आणि बूट-ग्लोव्हज निघाले तरी पुष्कळ. घर चालतं ते नोकरीवर. त्यामुळे संघात कोण खेळणार हे अर्धं कोच ठरवतात आणि अर्धं आमचे साहेब लोक.

मी दुसरा गोलकीपर. पहिला माझ्यापेक्षा तरुण, उंच, आणि पायाने पास असे देतो की मधल्या फळीने लाजावं. फक्त त्याची नोकरी शिफ्टची आहे. म्हणून मी.

पहिला महिना

बाकावर. जर्सी कोरडीच्या कोरडी घरी आणतोय. संघ बरा खेळतोय, एवढंच लिहिण्यासारखं.

शनिवार, बाहेरच्या मैदानावर

आज लिहायलाच हवं.

सामना दुपारी तीनचा. पावणेतीनला चेंजिंग रूममध्ये आम्ही आठ जण. बाकीचे दुसऱ्या गाडीत, आणि ती गाडी हमरस्त्यावर अपघाताच्या कोंडीत अडकलेली. पहिला कीपर कामावर, त्यामुळे गोलमध्ये मी. नवी पोरं घाबरली, सामना रद्द होणार का म्हणून. नाही होत. नियमाने किमान सात खेळाडू लागतात. सातपेक्षा कमी झाले तरच सामना सुरू होत नाही किंवा थांबवावा लागतो. कॅप्टनने डोकं शांत ठेवून एक काम केलं: गाडीत अडकलेल्यांची नावंही यादीत लिहून दिली. यादीत नाव असलं की उशिरा पोचलेला खेळाडू रेफरीच्या परवानगीने मैदानात येऊ शकतो. नाव नसेल तर तो धावत आला काय नि विमानाने आला काय, बाहेरच बसायचं.

तर आठ जण. कोचनी सहा जण माझ्यासमोर दोन ओळींत उभे केले आणि पुढे एकटा स्ट्रायकर, तोही नावाला. मला सांगितलं, "घाई करू नकोस." सांगायची गरज नव्हती. चेंडू हातात आला की मी तो पोटाशी घेऊन आडवा पडायचो, हळूच उठायचो, कोणी मोकळा आहे का ते निवांत बघायचो. दुसऱ्यांदा असं केलं तेव्हा रेफरीचा हात वर. पाच बोटं, मग चार, मग तीन. 2025 च्या जुलैपासून हा नियम आलाय. कीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरला की समोरच्या संघाला थेट कॉर्नर, आणि शेवटची पाच सेकंदं रेफरी हाताने मोजून दाखवतो. आधी सहा सेकंदांचा नियम होता, त्याची शिक्षा म्हणजे अप्रत्यक्ष फ्री किक. पण ती देणारा रेफरी मी तरी क्वचितच पाहिला. सहा सेकंद होते तेव्हा आम्ही वीस घ्यायचो, आता आठ दिलेत तर सातव्याला धडकी भरते. नियम चांगला आहे, मला पटतो. आजच नको होता एवढंच.

तिसऱ्या बोटाला चेंडू लांब मारला, बाहेर गेला, थ्रो त्यांचा. असं किती वेळ चाललं देव जाणे. नजर सारखी गेटकडे. पहिल्या हाफच्या मध्यावर तिघं धावत आले, एकाच्या पायात अजून ऑफिसचे मोजे. रेफरीने त्यांचे स्टड आणि शिनगार्ड तपासले, कोपऱ्यात उभं राहून त्याने मोजे बदलले, तोवर आमच्या डाव्या बाजूला हायवे झाला होता. तरी गोल नाही. अकरा झाल्यावर आम्ही एक मारला आणि, फुटबॉल असंच असतं, अकराच्या अकरा मैदानात असताना शेवटी एक खाल्ला. 1-1.

परतीच्या गाडीत कोणी बोलत नव्हतं. आठ जणांनी जपलेलं अकरा जणांनी घालवलं, याचा राग जास्त होता.

पावसाचा महिना

सलग तीन शनिवार सामना नाही. रेफरी येतो, मैदानभर फिरतो, गोलपुढच्या डबक्यापाशी उभा राहून चेंडू डोक्याच्या उंचीवरून सोडतो. चेंडू उसळला नाही, थपकन बसला, की मान हलवतो. आमचं मैदान सखल आहे, वर पाणी थांबलं की उतरता उतरत नाही. वरच्या विभागातल्या क्लबांकडे कृत्रिम गवत आहे, त्यांचे सामने ठरल्या दिवशी होतात. आमचे साठत जातात.

गुणतालिकेत आम्ही शेवटून चौथे, पण 'हातात तीन सामने', म्हणजे इतरांपेक्षा तीन सामने कमी खेळलेले. हे तीन शब्द चेंजिंग रूममध्ये सगळ्यांच्या तोंडी आहेत. तीन विजय म्हणजे नऊ गुण, नऊ गुण मिळाले की थेट वरच्या अर्ध्यात. विजयाला तीन गुण ही तशी अलीकडची गोष्ट. इंग्लंडने 1981 साली सुरू केली आणि विश्वचषकात ती 1994 ला आली. त्याआधी दोनच असायचे. दोनाच्या हिशोबाने कोणी एवढी स्वप्नं रंगवली नसती.

मला हे आकडे खोटे वाटतात. हातातला सामना खेळायचा कधी? शनिवार तर सगळे भरलेत. म्हणजे बुधवारी संध्याकाळी. आणि बुधवारी कोचच्या वहीत कोण कोण मोकळं आहे, ते मी पाहिलंय.

बुधवार, रात्री बारा वाजून गेलेत

4-0. हातातला पहिला सामना हातातून गेला.

मुख्य सेंटर बॅकला साहेबांनी सोडलं नाही. मधल्या फळीतला एक जण परीक्षेच्या पेपर-तपासणीत. पहिला कीपर रात्रपाळीला. समोरचा संघ पूर्ण ताकदीनिशी, कारण त्यांच्या मालकाच्याच कारखान्यात निम्मा संघ कामाला आहे. सामन्याच्या दिवशी लवकर सुट्टी मिळायला याहून सोपी वाट नाही. याला कोणी अन्याय म्हणेल, मी हुशारी म्हणतो. आमच्या पातळीवर चांगला स्ट्रायकर आणण्यापेक्षा समजूतदार मॅनेजर असलेली नोकरी मिळवून देणं जास्त उपयोगाचं.

4-0 असताना पेनल्टी अडवली. उजवीकडे झेपावलो, बोटांना लागून चेंडू खांबावर, तिथून बाहेर. टाळ्या फक्त आमच्या बाकावरून. घरी येताना हानेस हॉलदोरसनची आठवण झाली. आइसलँडचा कीपर, मूळचा दिग्दर्शक, ज्याने 2018 च्या विश्वचषकात मेस्सीची पेनल्टी अडवली. सामना 1-1 सुटला. त्या संघाचे कोच दंतवैद्य होते. आमच्याकडे गोष्ट नेहमी जेमी वार्डीची सांगतात: कारखान्यात काम करत स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून आठवड्याला 30 पौंडांवर खेळायचा आणि 2016 मध्ये लेस्टर सिटीबरोबर प्रीमियर लीग जिंकला. नवी पोरं त्या गोष्टीवर जगतात. मला दिग्दर्शक जवळचा वाटतो. त्याला दुसरं काम होतं आणि त्याची त्याला लाज नव्हती.

आणखी दोन बुधवार

एक 2-1 हरलो, एक 0-0. तीन सामन्यांतून एक गुण. 'हातात' हा शब्द आता कोणी काढत नाही.

शेवटचा शनिवार

खालचे दोन संघ घसरणार. आम्ही शेवटून तिसरे, खालच्या संघापेक्षा एका गुणाने पुढे. या शनिवारी पाळी नसल्यामुळे पहिला कीपर हजर, मी बाकावर. वाईट वाटलं का? थोडं. पण त्याला बसवून मला खेळवलं असतं तर मीच कोचना वेड्यात काढलं असतं.

1-0 हरलो. तिकडच्या मैदानावर खालच्या संघाची बरोबरी. गुण समान. दहा मिनिटं सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून. मग गोलफरक आला, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल: आमचा उणे 11, त्यांचा उणे 14. वाचलो.

आरडाओरडा झाला, बादलीभर पाणी कोचच्या अंगावर गेलं. कॅप्टनने मला खांद्याला धरून सगळ्यांना सांगितलं, "त्या बुधवारी याने पेनल्टी अडवली म्हणून आपण वाचलो!" सगळ्यांनी पाठ थोपटली. मी हिशोब करून बघितला. ती गेली असती तरी आमचा उणे 12 झाला असता, तरीही वाचलो असतो. तसं त्याला सांगितलंही.

"गप रे," तो म्हणाला आणि घामट जर्स्यांची पिशवी माझ्या पायाशी टाकली. "धुवायची पाळी तुझी आहे. सोमवारी क्लबला परत करायच्यात."