चार घुबडं आणि माझी आजी

२०१२-१३ च्या आसपास मी हिंजवडीतल्या एका कॉल सेंटरमध्ये यूके प्रोसेसला होतो, म्हणजे इंग्लंडच्या गिऱ्हाइकांचे कॉल घ्यायचे. दुपारी अडीचला लॉगिन, रात्री अकराला लॉगआउट, मग कॅबमध्ये सगळ्यांना सोडत सोडत घरी पोचायला साडेबारा-एक, आणि झोप लागायला चार. आई म्हणायची घरात घुबड पाळलंय. त्याच दिवसांत टीममधल्या एका मित्राने पेनड्राइव्हमधून एक फोल्डर दिला, म्हणाला तुला इंग्रजांचा ॲक्सेंट शिकायचाय ना, हे ऐक, ट्रेनिंगमध्ये शिकवतात ते सोड.

फोल्डरचं नाव होतं फोर आउल्स. चार घुबडं. म्हटलं, वा, आपलेच भाऊबंद.

अल्बम म्हणजे 'नेचर्स ग्रेटेस्ट मिस्टरी', २०११ चा, फोर आउल्स या इंग्रज रॅपर्सच्या क्रूचा पहिलाच. फ्लिपट्रिक्स, व्हर्ब टी, बीव्हीए आणि लीफ डॉग अशी चौकडी. स्टेजवर आणि व्हिडिओत घुबडाचे मुखवटे घालून येतात, आणि घुबड झाल्यावर नावंही वेगळी घेतात, म्हणजे व्हर्ब टी तिथे बर्ड टी होतो, हा फालतू जोक मला अजून आवडतो. लेबल हाय फोकस रेकॉर्ड्स, जे फ्लिपट्रिक्सनेच २०१० मध्ये काढलं होतं. म्हणजे घरचंच दुकान.

आता त्या वर्षांत तिकडे काय चाललं होतं ते आठवा. टायनी टेम्पा या इंग्रज रॅपरचं गाणं २०१० मध्ये यूके चार्टवर एक नंबरला जाऊन आलेलं, रॅप म्हणजे क्लबचे सिंथ आणि मोठं कोरस असा रेडिओचा हिशोब झालेला. आणि ही चार माणसं काय करतायत, तर जुन्या रेकॉर्डवरचा पियानो नाहीतर व्हायोलिनचा तुकडा कापून त्याचा लूप, खाली धप्प-टक वाजणारे जाड ड्रम्स, हूकच्या, म्हणजे धृपदाच्या, जागी कोणी गात नाहीये तर डीजे सुई घासतोय. नव्वदीतल्या न्यूयॉर्कच्या रॅपची ही जुनी तऱ्हा, बूम बॅप म्हणतात तिला, पण तोंडं पक्की इंग्रज. बीट्स लीफ डॉगचे. त्याची गंमत अशी की सॅम्पलची धूळ तो झाडत नाही, खरखर तशीच ठेवतो. कॅबमध्ये एका कानात इअरफोन (दुसरा तोपर्यंत गेलेला होता) लावून ऐकताना पहिल्यांदा मला वाटलं वायरच खराब आहे, मी ती जॅकपाशी पिळत बसलो बराच वेळ.

ॲक्सेंटचं म्हणाल तर ट्रेनिंगमध्ये आम्हाला 'वॉटर' मधला ट कसा स्वच्छ म्हणायचा ते दोन दिवस शिकवलं होतं. इथे ट नावाची गोष्टच नाही, घशात गिळून टाकतात, वॉ-अ. आणि कॉलवरचे गिऱ्हाईक पण तसंच बोलायचे! त्या अल्बमनंतर मला 'सॉरी, कॅन यू रिपीट दॅट' कमी वेळा म्हणावं लागलं हे मी शपथेवर सांगतो.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. हा पहिला अल्बम आहे पण पहिलटकरणीचा वाटत नाही. नवीन पोरांच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये एक घाई असते बघा, सगळं एकाच दमात सांगून टाकायचं, प्रत्येकाला वाटतं आपलाच व्हर्स लक्षात राहिला पाहिजे. इथे क्रू नवा आहे, माणसं मुरलेली. व्हर्ब टी तर तोवर कितीतरी वर्षं रेकॉर्ड काढत होता. त्यामुळे एक जण सोळा ओळी संपवतो आणि दुसरा उचलतो ते इतकं सहज, जसं भजनात म्हाताऱ्या टाळकऱ्याने ओळ सोडली की शेजारचा न बघता धरतो तसं. (कलगीतुऱ्याशी तुलना मी करणार नाही, रॅप म्हटलं की सगळे तीच करतात आणि इथे तर कोणी कोणाशी भांडतच नाहीये.) व्हर्ब टी शांत, जवळजवळ कंटाळल्यासारखा बोलतो. फ्लिपट्रिक्स शब्दांवर शब्द रचत जातो. बीव्हीएचा आवाज भरदार, आणि लीफ डॉग नाकात, चिरका, पहिल्यांदा ऐकलं तर नको वाटेल, तिसऱ्यांदा ऐकलं की तोच कधी येतोय याची वाट बघाल.

दोन-तीन गाणी मधे सारखीच वाटतात हेही खरं. बीटचा वेग हलत नाही फारसा. मी ती ढकलतो पुढे.

तर आजी. गावाहून आली होती, मी हॉलमध्ये टीव्हीला लॅपटॉप लावून यांचा व्हिडिओ बघत होतो. मुखवटे दिसले आणि आजी म्हणाली, "अरे बंद कर ते, तिन्हीसांजेला घुबडं कसली बघतोस?" मी म्हटलं आजी, गातायत ते. ती म्हणाली, "घुबड कधी गातं का मेल्या?" मग दोन मिनिटं उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "हा पिंगळा आहे की."

मला एकदम आठवलं. लहानपणी गावाला पहाटे अंधारात कंदील घेऊन पिंगळा यायचा, कुडबुडं वाजवत, एका दमात काय काय बोलत जायचा, भविष्य, आशीर्वाद, मधेच घरातल्या भांडणांवर टोमणा. झाडावरच्या पिंगळ्याची, म्हणजे त्या छोट्या घुबडाची, भाषा त्याला कळते म्हणे. आम्ही पोरं गोधडीतून डोळे तेवढे बाहेर काढून ऐकायचो आणि आजी सुपातून धान्य घेऊन दाराशी जायची. त्याचा चेहरा मला आजही आठवत नाही, अंधारच असायचा ना, फक्त आवाज आणि ते कुडबुड कुडबुड.

पुढे २०१५ च्या दुसऱ्या अल्बममध्ये डीजे प्रीमियरने यांना एक बीट दिला. ज्याचा आवाज ऐकत ही माणसं वाढली तो न्यूयॉर्कचा बीट बनवणारा प्रीमियर! लोक त्या गाण्यापासून सुरुवात करतात आणि ते भारी आहेच, पण मी कोणालाही आधी २०११ चाच ऐकायला देतो. आजीला पण अजून एकदा लावून दाखवला होता. या वेळी म्हणाली, "आवाज कमी कर, पण राहू दे."