कुंडीतला ‘शिकागो हार्डी’ अंजीर: एका पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत

पुण्यात राहून थंडीला दाद न देणारा अंजीर कशाला लावायचा, हे मला रोपवाटिकेतल्या माणसानंही विचारलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनीही. प्रश्न रास्त आहे. पुण्याचा आजवरचा नीचांक १.७ अंश, तोही १९३५ च्या जानेवारीतला. एरवी पारा ८-९ वर आला की आपल्याकडे स्वेटरांच्या गप्पा सुरू होतात. मी लावलेल्या शिकागो हार्डी या जातीबद्दल सांगतात ते असं, की तिची फांदी उणे १२ अंशांच्या आसपास तग धरते, आणि त्याहून कडाक्यात वरचं सगळं जळालं तरी मुळांतून झाड पुन्हा फुटतं. या गुणाची परीक्षा वारज्यातल्या गच्चीवर कधीच होणार नाही.

मी ही जात घेतली ती दुसऱ्याच कारणासाठी. अंजिराचं फळ दोन जागी येतं: गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर, आणि यंदाच्या नव्या फुटीवर पानाच्या बगलेत. थंड मुलखात जुनी काडी हिवाळ्यात मरते, म्हणून तिथे तीच जात कामाची ठरते जी नव्या फुटीवर भरपूर आणि लवकर फळते. आता आपल्या पुरंदरात काय करतात ते बघा. दिवे-गुऱ्होळीकडे बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग छाटणी, मग खत-पाणी, आणि जी फूट निघेल तिच्यावर फळ घ्यायचं. तिकडच्या एका बागायतदारांना मी माझ्या झाडाचं कौतुक सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अहो, तिकडं बर्फ करतंय ते काम आमच्याकडं सिकेटर करतंय.” (सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री.) माझ्या प्रयोगाचा सगळा आधार या एका वाक्यात आला. ज्या झाडाला दरवर्षी खाली कापलं तरी चालतं ते कुंडीत आटोपशीर ठेवता येतं. गच्चीवाल्याला आणखी काय हवं?

माशीचं एकदा सांगून टाकतो, कारण हे हमखास विचारलं जातं. स्मिर्ना प्रकारच्या अंजिराला परागीभवनासाठी एक विशिष्ट चिमुकली गांधीलमाशी लागते. शिकागो हार्डी, ब्राउन टर्की आणि आपला पूना अंजीर यांना ती लागत नाही, फळ तिच्यावाचूनच धरतं. गच्चीवर एकटं झाड असलं तरी काही बिघडत नाही.

कुंडी आणि माती

पहिलं वर्ष रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत गेलं, नंतर निळा ड्रम अर्धा कापून त्यात हलवलं. तळाला भोकं भरपूर, शिवाय बाजूनं खालच्या अंगालाही. ड्रम विटांवर ठेवलाय. त्यानं मुळांना हवा मिळते, आणि गच्ची ओली राहते म्हणून सोसायटीच्या बैठकीत आपलं नाव निघत नाही, हा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा. मिश्रणात पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट, विटांचा चुरा आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. कोकोपीट जपूनच घालतो, पावसाळ्यात ते पाणी धरून बसतं. कुठल्याही बागेतली माती उचलून आणू नका, अंजिराच्या मुळांवर सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म अळ्यांसारख्या किड्यांच्या, गाठी फार लवकर होतात. चुन्याचं मात्र या झाडाला वावडं नाही, थोडी चुनखडी असलेली माती उलट मानवते.

जून ते ऑगस्ट

थंडीचा धाक नाही म्हणून निर्धास्त राहू नये. इथल्या अंजिराचा खरा कसोटीचा काळ पावसाळा आहे. ऊन नाही, पानं दिवसेंदिवस ओली, मुळं चिंब, आणि त्यात तांबेरा. पानाच्या पाठीवर विटकरी पुळ्या येतात, हात फिरवला तर बोटाला भुकटी लागते, मग पान पिवळं पडून गळतं. बेतशीर आला तर झाड सहन करतं, जोरात आला तर ऑगस्टअखेर काड्यांचा सांगाडा उरतो.

माझा उपाय जुनाच आहे: एक टक्का बोर्डो मिश्रण. कुंडीपुरतं करायचं तर लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये विरघळवायचं आणि मग एकत्र करायचं. धातूचं भांडं नको. एकत्र झाल्यावर घासलेला लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून बघायचा. त्याच्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आम्ल आहे, आणखी चुना लागेल. त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर ठेवायचं नाही. पाऊस उघडला की पानाच्या दोन्ही अंगांना, पाठीकडे जास्त, बारीक फवारा. गळलेली रोगट पानं कुंडीत आच्छादन म्हणून ठेवू नका, रोग तिथूनच परत चढतो. ती कंपोस्टमध्येही घालत नाही, सरळ बाहेर.

पावसातली फूट लांब पेरांची आणि लुसलुशीत येते. तिच्यावर फळं दिसली तरी हुरळून जाऊ नये, पावसात पिकलेलं अंजीर पाणचट आणि बेचव लागतं. बागायतदार पावसाच्या तोंडावर खट्टा बहार धरतात आणि पाऊस सरल्यावर मिठा, त्यातला मिठाच कुंडीवाल्यानं धरावा असं माझं ठाम मत झालंय.

सप्टेंबर-ऑक्टोबर

गणपती झाले की ड्रम पत्र्याखाली सरकवून पाणी बंद. शेतातल्यासारखा लांब ताण कुंडीला सोसत नाही, माती लवकर सुकते. जुनी पानं मलूल होऊन पिवळी पडायला लागली की पुरे. मग छाटणी. मी खोडापासून चार मजबूत फांद्या ठेवल्या आणि प्रत्येकीवर दोन-तीन डोळे (फुटीचे अंकुर) राखून वरचं उतरवलं. मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावली. हातमोजे घालाच. अंजिराचा चीक कातडीला लागून वर ऊन पडलं की फोड येतात आणि त्यांचे काळे डाग बरेच दिवस जात नाहीत.

छाटणीनंतर वरची दोन इंच माती काढून तिथे शेणखत-गांडूळखत, आणि एकदा भरपूर पाणी. पुढे वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली, बघूनच. दसरा-दिवाळीच्या दरम्यान डोळे फुगले आणि फुटले. प्रत्येक काडीवर वरच्या दोन फुटी ठेवल्या, बाकीच्या अंगठ्यानं खुडल्या.

नोव्हेंबर ते जानेवारी

नव्या फुटीवर पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडला. खुडल्यावर झाडाचं लक्ष लांबीवरून फळावर येतं, बगलेत हिरव्या घुंड्या दिसायला लागतात. थंडीत वाढ मंदावली, पण पानगळ अशी झालीच नाही. अंजिराला हिवाळ्यातल्या गारठ्याची गरज मुळात फार थोडी असते, त्यामुळे पुण्याचा हिवाळा त्याला विश्रांतीपुरता पुरतो.

आता धीराची गोष्ट. अंजिराचं फळ तीन टप्प्यांत वाढतं. आधी भराभर, मग कित्येक आठवडे जसंच्या तसं, मग शेवटी अचानक फुगून रंगतं. मधल्या टप्प्यात लोक घाबरतात आणि खतं ओततात. नत्र जास्त झालं की पानं फोफावतात आणि फळ मागे पडतं. त्या काळात मी फक्त लाकडाची राख चिमूट-चिमूट आणि नेमानं पाणी देत राहिलो.

भूमध्य समुद्राकाठची एक जुनी युक्तीही करून बघितली: मधला टप्पा संपत आला की फळाच्या डोळ्याला, म्हणजे टोकाच्या छिद्राला, तेलाचा थेंब लावायचा. तिकडे ऑलिव्हचं लावतात, मी घरातलं शेंगदाण्याचं लावलं. लावलेली फळं बाकीच्यांच्या आधी रंगली, पण सगळी नाहीत, आणि चवीत मला फरक कळला नाही. घाई नसेल तर या फंदात पडू नये.

फेब्रुवारीपासून पुढे

फळ रंगायला लागलं की बुलबुल हजर. मग तांबट, मग कोकिळा, आणि रात्री वटवाघळं. यावर सर्वांत स्वस्त उपाय घरातच निघाला: संक्रांतीच्या वाणाच्या जाळीदार पोटल्या. प्रत्येक फळाला एक घालून नाडी देठाशी ओढली की झालं. आतलं फळ दिसतं, हवा लागते. यंदा बहिणीनं आणि वहिनीनं पोटल्या न टाकता माझ्यासाठी राखून ठेवल्या.

तोडायचं कधी, याला रंगावर जाऊ नका. शिकागो हार्डीचं फळ तपकिरी-जांभळं होतं, पण रंग आल्यावरही मान ताठ असेल तर थांबा. देठाशी मान लवली, साल किंचित तडकली, डोळ्याशी चिकट थेंब आला की काढा. अंजीर तोडल्यावर पिकत नाही, मऊ पडतं इतकंच.

चवीचं स्पष्ट सांगतो. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं पुरंदरचं अंजीर ज्यानं सासवड रस्त्याच्या कडेला पाटीतून घेऊन खाल्लंय, त्याला आकारात हे फळ नजरेत भरणार नाही. पुरंदरचं मोठं, रसाळ, आत गुलाबी. हे लहान, आत गडद लाल, गर घट्ट आणि गोडी किंचित आंबटाकडे झुकलेली. सकाळी नुसतं खायला मला पुरंदरचं आवडतं, सुकवायला आणि मुरांब्याला हे.

एप्रिलच्या चाळिशीत फळं राहिली असतील तर पाणी सकाळी आणि संध्याकाळी थोडं थोडं. माती कडक सुकून मग एकदम भरपूर पाणी मिळालं की फळ फुटतं. ड्रमला बाहेरून चुना फासलाय, काळ्या-निळ्या प्लॅस्टिकच्या भिंतीशी मुळं भाजतात. पानं दुपारी लोंबली तरी लगेच पाणी घालत नाही, संध्याकाळी ती आपोआप सावरली तर मुळांशी ओल आहे असं समजायचं.

पुढच्या हंगामासाठी पूना अंजिराचं एक रोप तेवढ्याच ड्रममध्ये, त्याच मिश्रणात लावून ठेवलंय. सप्टेंबरात दोघांची छाटणी एकाच दिवशी करणार. तांबेरा कुणाला जास्त झोंबतो आणि खुडलेल्या शेंड्याखाली कुणाला किती फळं धरतात, हे शेजारी-शेजारी बघायचंय. शिकागोच्या छाटलेल्या काड्यांपैकी पेन्सिलीएवढ्या जाड होत्या त्या वाळूत खोचल्या होत्या. त्या चांगल्या मुळावल्या आहेत आणि पावसाआधी वाटून टाकायच्या आहेत.