पवनचक्कीच्या पात्याला सील कुठे लावणार?

उरणच्या रस्त्यानं न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या भरल्या कंटेनरच्या दाराला बोल्ट सील असतं, म्हणजे नंबर असलेलं, तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. ते तपासायची रीत पक्की आहे: निरखून पाहा, नंबर कागदाशी ताडा, जोरात ओढा, पिरगळून सुटतंय का बघा. सुटलं की कंटेनर बाजूला.

समुद्रातल्या पवनचक्कीच्या सामानाला ही रीत लागूच पडत नाही. 15 मेगावॉटच्या यंत्राचं एकेक पातं 115 मीटरच्या घरात. ते कंटेनरमध्ये मावत नाही, उघड्या यार्डात पडून राहतं, आणि त्याचा बुंधा आतून पोकळ, माणूस आरामात उभा राहील इतका. तिथे काहीही दडवता येतं. म्हणून बुंध्याच्या झाकणावर नंबर असलेली सुरक्षा पट्टी हवी, दर शिफ्टला ती बघायला हवी आणि जहाजावर चढवण्याआधी आत टॉर्च मारायलाच हवा.

जून 2024 मध्ये केंद्रानं 7,453 कोटींची योजना मंजूर केली: गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात 500-500 मेगावॉट. त्यातले 600 कोटी दोन बंदरांच्या सुधारणेला. या टप्प्यात महाराष्ट्र नाही. पण बंदराची सुरक्षा कोळून प्यालेली माणसं उलवे, द्रोणागिरी, बेलापूरला राहतात, त्यांनी आत्ताच बोलायला हवं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती छोट्या बोटींची. 1 जुलै 2004 पासून लागू असलेला आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली, मालवाहू जहाजांपैकी आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या, 500 ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांना बांधतो. तंत्रज्ञांना रोज पवनचक्कीवर नेणारी बोट त्यात सहसा बसत नाही. 26/11 च्या हल्लेखोरांनी पळवलेली ‘कुबेर’ बोट पाहिलेल्या मुंबईला छोट्या बोटीचं महत्त्व सांगायला नको. उपाय साधा आहे: बंदराच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं त्या बोटीशी लेखी सुरक्षा करार करावा, नावांची यादी आदल्या संध्याकाळी घ्यावी, जेट्टीवर पास आणि चेहरा जुळवावा. सकाळी 12 गेले तर संध्याकाळी 12च उतरले पाहिजेत. माणूस वर अडकला असेल तर तेही इथेच कळतं.

उरला लॅपटॉप, म्हणजे सायबर धोका. फेब्रुवारी 2022 मध्ये उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला आणि जर्मनीसह मध्य युरोपातल्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचा दूरस्थ संपर्क तुटला. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या संगणक व्हायरसनं न्हावा शेवाचंच एक टर्मिनल ठप्प केलं होतं. म्हणून यंत्रांचं नेटवर्क ऑफिसपासून वेगळं ठेवा, पवनचक्की बनवणाऱ्या कंपनीचा बाहेरून येणारा प्रवेश एरवी बंद आणि कामापुरताच चालू. दर तीन महिन्यांचा सुरक्षा ड्रिल एकदा तरी संगणक बंद करून, कागदी गेटपासवर घ्या.