आमची वाटचाल: जाहिरातीचा शेजार

सांगलीत आमची एजन्सी वाढली ती वर्तमानपत्रांच्या जाहिरातींवर. हळदीचे व्यापारी, बेदाणेवाले, सराफ, क्लासेस ही आमची गिऱ्हाइकं. सराफांची जाहिरात निधनवार्तेला लागून नको, असं वडील मजकूर देतानाच बजावत. पान समोर असायचं, शेजार कळायचा.

फेसबुक-यूट्यूबची कामं घेतली तेव्हा तो शेजार दिसेनासा झाला. तिथे आपण जागा घेत नाही, प्रेक्षक घेतो: वय, गाव, आवड. तो जे बघत असेल तिथे जाहिरात लागते. त्यामुळे धंद्यात ठरलेलं उत्तर असतं, ‘सिस्टीम लावते, आमच्या हातात नाही.’ मला ते कधीच पटलं नाही. पैसे आपले जातात.

मे 2013 मध्ये फेसबुकवर बायकांवरच्या अत्याचारांची थट्टा करणारी पानं होती. तक्रारी करूनही ती हटत नव्हती. मग स्त्रीसंघटनांनी थेट जाहिरातदारांनाच जाब विचारला. निसानच्या ब्रिटनमधल्या कंपनीने जाहिराती थांबवल्या, आणखी काहींनी थांबवल्या, आणि आठवड्याभरात फेसबुकने आपली यंत्रणा कमी पडल्याचं मान्य केलं. 2017 मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने दहशतवादी प्रचाराच्या व्हिडिओंवर नामांकित कंपन्यांच्या जाहिराती दाखवून दिल्या. यूट्यूब जाहिरातीच्या पैशातला वाटा व्हिडिओवाल्याला देतं, हे लक्षात घेतलं की प्रश्न फक्त शोभेचा राहत नाही.

आमच्या गिऱ्हाइकांना मात्र सगळ्यात लवकर पटलं ते पुण्याचं उदाहरण. 2020 मध्ये राजीव बजाज यांनी विखार पसरवणाऱ्या तीन वाहिन्यांना बजाज ऑटोच्या जाहिराती बंद केल्याचं सांगितलं. गोष्ट टीव्हीची होती, पण बेदाण्याचे एक व्यापारी म्हणाले, “आपल्या भिंतीवर कुणी घाण लिहिली तर आपणच पुसतो की.”

आता यूट्यूबवर जाहिरात कुठे कुठे लागली याचा रिपोर्ट आम्ही दर आठवड्याला स्वतः वाचतो आणि नको ते चॅनेल वगळतो. इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठी शिव्या आणि जातीवरचे टोमणे तयार फिल्टरमधून सहज निसटतात, म्हणून त्यांची यादी आम्हीच करतो. फेसबुकच्या फीडमध्ये प्रत्येक पोस्टचा शेजार आजही दिसत नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, आणि फेसबुकमार्फत बाहेरच्या अ‍ॅपवर मिळणाऱ्या जागा बंद ठेवतो. जागा अशा कमी केल्या की जाहिरातीवरचा प्रत्येक क्लिक महाग पडतो. एक जुनं गिऱ्हाईक त्यावरून सोडून गेलं. तरी करारातलं ते कलम आम्ही काढलेलं नाही: द्वेष पसरवणाऱ्या मजकुरावर जाहिरात दिसली, तर गिऱ्हाइकाला न विचारता आम्ही ती त्याच दिवशी थांबवणार.