सम नसलेलं वादळ

मी तबला शिकवतो. सॅन होजेजवळ घराच्या गॅरेजात क्लास चालतो आणि मध्येच कुणाला तालवाद्यांसाठी माणूस हवा असला की तीही सुपारी घेतो. दोन वर्षांपूर्वी एका हौशी कॉयरकडून, म्हणजे समूहगान करणाऱ्या मंडळींकडून, फोन आला. साठेक गायक, चर्चमधला कार्यक्रम. तबला नको होता. पत्रा वाजवायचा होता.

मला आधी थट्टाच वाटली. पण एरिक व्हिटाकरच्या 'क्लाउडबर्स्ट' (ढगफुटी) या कॉयरच्या रचनेत गडगडाटासाठी खरोखरच पत्रा आहे. जोडीला मोठा ड्रम, झांज, हातघंटा, पियानो आणि गायकांच्या चुटक्या. आठ-साडेआठ मिनिटांची रचना आणि शेवटी धो धो पाऊस.

व्हिटाकर हा आजच्या कॉयरवाल्यांचा लाडका माणूस, संगीतकार आणि कंडक्टर दोन्ही. 1970चा जन्म, नेवाडातला. अठराव्या वर्षापर्यंत त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, सिंथेसायझर घेऊन पॉप बँडची स्वप्नं बघायचा. लास व्हेगासच्या विद्यापीठात गेल्यावर कुणीतरी त्याला कॉयरमध्ये ओढलं, तिथे मोझार्टचा 'रिक्वीम' गायला आणि त्याची दिशाच बदलली. 'क्लाउडबर्स्ट' त्यानंतर तीन-चार वर्षांतच, एका हायस्कूलच्या कॉयरसाठी लिहिलेलं. वाळवंटात प्रवास करताना खरीखुरी ढगफुटी बघितली होती. चुटक्यांचा पाऊस हा शेकोटीभोवतीचा जुना खेळ, तो त्याने उचलला. आणि गडगडाटाचे पत्रे त्या शाळेच्याच इमारतीच्या बाजूचे काढून आणले होते म्हणे.

ही शेवटची गोष्ट माझ्या उपयोगी पडली. कारण भाड्याने सांगितलेला पत्रा रंगीत तालमीच्या दिवशी आलाच नाही. मी हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाय चार फुटांचा पातळ पत्रा आणला, वर दोन भोकं पाडली आणि दोरीने स्टँडला टांगला. हातोडीने ठोकला तर भांड्यांच्या दुकानासारखा आवाज. बाई म्हणाल्या (कंडक्टर बाई, साठीच्या, आवाज कायम खालच्या पट्टीत), ठोकू नका, खालची कडा धरून हलवा. हलवला. आधी पोटात गुरगुरल्यासारखं झालं, मग तो आवाज चर्चच्या छतापर्यंत गेला आणि सोप्रानोंपैकी (सगळ्यात उंच पट्टीत गाणाऱ्या बायका) दोघी दचकल्या. माझ्यासाठी पावती तीच.

खरी अडचण वेगळी होती. सुरुवातीचा भाग मोजता येतो. वादळाचा भाग बाईंनी निव्वळ खुणांवर बसवला होता. डावा हात फिरला की त्या बाजूचे चुटक्या सुरू करणार, तळवा वर गेला की पाऊस वाढणार, मग टाळ्या, मग मांड्यांवर थापा. ठोका नाही, मात्रा नाही. तीस वर्षं समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, जगलेला माणूस मी. विचारलं, माझी जागा कितव्या मात्रेला? त्या म्हणाल्या, माझ्याकडे बघा. मी म्हटलं, बघतोच, पण मोजू कितपर्यंत? त्या हसल्या आणि मुळीच उत्तर दिलं नाही.

एका सोप्रानोने 2020च्या लॉकडाउनमध्ये व्हिटाकरच्या व्हर्च्युअल कॉयरसाठी घरून व्हिडिओ पाठवला होता. घरोघरी गायलेले व्हिडिओ जोडून एक कॉयर करायचा, असा तो प्रकार. 2010 साली 12 देशांतले 185 गायक घेऊन त्याने हे सुरू केलं, आणि 2020च्या 'सिंग जेंटली'त 129 देशांतले 17,572 जण होते. तिथे प्रत्येकाला कानात तोच ट्रॅक लावून, पडद्यावरच्या त्याच हातांकडे बघत गायचं होतं, तेव्हाच सगळे जुळले. तिला म्हटलं, मला तसला ट्रॅक मिळाला तर बरं! ती म्हणाली, ते सोपं होतं, पण खोलीत मी एकटीच होते.

चुटक्यांचीही कथा झाली. पहिल्या रांगेतल्या एका आजींच्या बोटांना संधिवात, चुटकी वाजेना. त्यांनी नखाने फाइलच्या पुठ्ठ्यावर टकटक करून दाखवलं. बाईंनी सगळ्यांना थांबवून ते ऐकवलं, आणि शेवटच्या ओसरत्या पावसासाठी मागच्या रांगेतल्या चौघांनाही तेच करायला लावलं. पुठ्ठ्यावरचा थेंब चुटकीपेक्षा ओला वाटतो, हे मला तिथे कळलं.

'क्लाउडबर्स्ट'चे शब्द ऑक्टाव्हिओ पाझचे, स्पॅनिशमधले. हा मेक्सिकन कवी 1962 ते 1968 दिल्लीत राजदूत होता, पण ही कविता त्याआधीची, करपलेल्या जमिनीत पाणी शोधणारी. त्यात उघड्या डोळ्यांनी झोपावं आणि हातांनी स्वप्न पाहावं असं काहीसं येतं. मग थोड्या वेळाने सगळे गायक हातांनीच पाऊस पाडू लागतात. व्हिटाकरने हे मुद्दाम केलं की आपसूक झालं, देव जाणे. पण तालमीत अर्थ कळल्यापासून माझं लक्ष गायकांच्या तोंडांवरून हातांवर गेलं.

कार्यक्रमात मी मनातल्या मनात मोजलंच. सवय. सोळा मात्रा धरल्या, माझी सम आली आणि मी पत्रा हलवला. बाईंचा हात तेव्हा अजून खालीच होता.

तबल्यात चुकलं तर तिहाई मारून, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून, समेवर येता येतं. पत्र्यावर परतीची वाट नसते. घाईने धरला तर खणकन् वाजणार, सोडला तर गुरगुरत राहणार. बाईंनी मान वळवली नाही. डावा तळवा फक्त माझ्या दिशेने सपाट केला, राहू दे, अशा अर्थी. मी हात काढून घेतले. आवाज विरत विरत गेला आणि पूर्ण विरेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. साठ माणसं श्वास धरून. सात-आठ सेकंद असतील, मला एक आवर्तन वाटलं. मग उजवीकडून पहिली चुटकी पडली. एकच. मग दुसरी.

पुढे मी मोजलं नाही. बाईंच्या मनगटाकडे बघत होतो.

नंतर चहाच्या टेबलापाशी एका गृहस्थांनी मला गाठलं. आधी दूरवरचा एक गडगडाट आणि मग तो सन्नाटा, ही संगीतकाराची कल्पना अफाट आहे म्हणाले. बाई शेजारीच बिस्किट खात होत्या. म्हणाल्या, हो ना, मलाही तो भाग आवडतो. आणि माझ्याकडे न बघता पाकीट पुढे केलं.

पत्रा तुम्हीच ठेवा म्हणाल्या. गाडीच्या मागच्या सीटा पाडून आडवा टाकला. हायवेला लागेपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरवर तो मागे गुरगुरत होता.