तिसऱ्या वर्गाचे दार

शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या स्वयंपाकघरात एक फडताळ आहे आणि त्याचे उजवीकडचे दार रेल्वेच्या डब्याचे आहे. मिरज-कोल्हापूर मार्गावरची मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली, त्या सुमाराला आजोबांनी ते एका वखारीतून केवळ "सागवान आहे" एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर विकत आणले, सुताराकडून खालून वीतभर कापून घेतले आणि फडताळाला बसवले. डावीकडचे दार आंब्याच्या फळीचे होते. ते आजवर दोनदा बदलून झाले. उजवीकडचे दार कोल्हापूरच्या पावसाळ्यांतही फुगले नाही आणि अजून कुरकुरत नाही.

दाराच्या वरच्या अर्ध्या भागात खिडकी आहे आणि तिला तिरप्या पट्ट्यांची लाकडी झडप आहे. दोन्ही बाजूंचे चाप दाबून ती वर उचलायची आणि खाचेत अडकवून ठेवायची. खाचेत नीट अडकली की नाही हे न पाहता ज्यांनी हात खिडकीवर ठेवला, त्यांची बोटे तिने कशी चेचली असतील हे सांगायला नको, कारण आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची बोटे हळदीचा डबा काढताना तिच्याखाली आलेली आहेत. पण मला त्या दारातले सर्वांत आवडते ते खिडकीखालचे आडवे लाकूड. त्याच्या मधोमध एक किंचितसा खोलगटपणा आहे, नजरेला जेमतेम दिसणारा, पण बोट फिरवले की लगेच कळणारा. खिडकीशी बसलेल्यांनी तिथे कोपर टेकवले आणि वर्षानुवर्षांच्या त्या कोपरांनी सागवानासारखे लाकूड झिजवले.

हा मिरज-कोल्हापूर मार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधला. 1888 मध्ये, राज्यकारभाराची सूत्रे हाती येण्याच्या आधी, कोवळ्या वयाच्या शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला आणि 1891 मध्ये गाडी सुरू झाली. अंतर सुमारे 48 किलोमीटर. रुकडीजवळ पंचगंगा ओलांडली की पुढे हातकणंगले, मग मिरज. मिरजेत तर एका काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांमध्ये 1676, 1000 आणि 762 मिलिमीटर अंतर असलेले तीन मार्ग शेजारीशेजारी नांदत होते आणि पंढरपूरला निघालेला कोल्हापूरचा वारकरी मीटरगेजच्या डब्यातून उतरून बार्शी लाइट या नॅरोगेज रेल्वेच्या चिमुकल्या डब्यात चढत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, त्यांचेही येणेजाणे याच रुळांवरून होते. त्यांच्या स्मरणार्थ कोल्हापुरात स्तंभ उभा आहे. ते ज्या बाकांवर बसले असतील, त्यांतला एखादा बाक मात्र कुठे पाहायला मिळेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडे जुन्या रेल्वेची आठवण ठेवायची म्हणजे इंजिन ठेवायचे, अशी रीतच पडून गेली आहे. स्टेशनाबाहेर चौथरा बांधावा, वर इंजिन चढवावे, सव्वीस जानेवारीच्या आधी काळ्या रंगाचा हात मारावा, की झाले. त्यात वावगे काही नाही, आणि इंजिनाची बाजू घ्यायची तर ते उन्हापावसात निमूटपणे उभे राहू शकते. जुना डबा हे मात्र लोखंडी सांगाड्यावर चढवलेले पन्नासेक फूट लांबीचे सागवानी कपाट असते आणि कपाट अंगणात ठेवून कोणाचे टिकले आहे? डब्याच्या छतावर रंगाने भिजवलेले जाड कापड ताणून बसवलेले असे. ते एकदा फाटले की पाणी सांध्यांत उतरते, लोखंडी स्क्रू गंजू लागतात, त्यांच्याभोवती लाकूड काळे पडते, आणि अस्सल सागवानही सांध्यांपाशी भुसभुशीत होऊन जाते. म्हणून डब्याला चौथरा नको असतो, छप्पर हवे असते, आणि छपराला पैसे मिळवणे चौथऱ्याइतके सोपे नाही, कारण छपराखाली ठेवलेली वस्तू रस्त्यावरून जाता-येता दिसत नाही. पुढे पोलादी डबे आले. चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्यात 1955 पासून बनलेले हे डबे लाकडापेक्षा भक्कम होते, पण शौचालयाखालचा पत्रा आणि दारांपाशीची जमीन त्यांचीही गंजत असे. त्यांचे ठरलेले आयुष्य पंचवीस वर्षांचे. ते सरले की भंगाराचा लिलाव.

जे डबे वाचले, ते कोणाचे वाचले हेही पाहण्यासारखे आहे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 मध्ये उघडले. तिथे 1875 चा प्रिन्स ऑफ वेल्सचा सलून, म्हणजे बड्या लोकांसाठी सजवलेला खास डबा, आहे आणि म्हैसूरच्या महाराजांचा 1899 चा सलूनही आहे. म्हैसूरच्या संग्रहालयात महाराणींचा सलून आहे. हे सलून पाहायला मला मनापासून आवडतात, पण ज्या डब्यांतून देश खऱ्या अर्थाने हिंडला, ते तिसऱ्या वर्गाचे होते. ते ठेवण्याजोगे कोणाला वाटले नाहीत, कारण ते सगळीकडेच होते, आणि सगळीकडे असलेली वस्तू संपेपर्यंत संपते आहे असे कोणाला वाटत नाही. 1974 मध्ये तिसरा वर्ग कागदोपत्री संपला, म्हणजे त्याचेच नाव दुसरा वर्ग झाले. लाकडी बाकांवर दोन इंची फोमच्या गाद्या आल्या त्या मधू दंडवते रेल्वेमंत्री झाल्यानंतर, 1977 च्या पुढे. हा बदल केवढा मोठा होता हे आजच्या पोराला समजावून सांगायचे, तर त्याला आधी त्या फळीवर कोल्हापूर ते पुणे बसवायला हवे, आणि नेमकी ती फळीच आपल्यापाशी उरलेली नाही.

हल्ली जुन्या डब्यांची उपाहारगृहे होऊ लागली आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये 2021 मध्ये असे एक सुरू झाले. आतले बाक काढून खुर्च्या मांडतात, भिंती रंगवतात आणि बाहेरचे कवच तेवढे राहते. याला जतन म्हणावे की नाही, याबद्दल माझे मन अजून ठरत नाही. शयनयानाच्या डब्यात पनीर टिक्का खाताना मला थोडेसे अवघडल्यासारखे होईल खरे, पण इंग्लंडमध्ये मोडीत काढलेले लाकडी डबे शेतकऱ्यांनी कोंबड्यांसाठी आणि चारा ठेवायला नेले, लोकांनी त्यांत घरे थाटली, आणि नंतरच्या हौशी मंडळींना दुरुस्तीसाठी डबे मिळाले ते बरेचदा अशाच परसांतून. त्या कोंबड्यांना जतन वगैरे ठाऊक नव्हते, तरी त्यांच्यामुळे डब्यांवर छप्पर राहिले. त्या हिशेबाने आमची हळदही बरेच काही सांभाळून आहे.

एवढे शहाणपण लिहिणाऱ्या माणसाने स्वतः काय केले, तेही सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मला दाराचा मूळ सागवानी रंग पाहायची हुक्की आली. वर आजोबांच्या वेळचा पिस्ता रंग होता, त्याखाली करडा, त्याखाली तपकिरी. मी पातळ पत्र्याने खरवडत आणि सँडपेपरने घासत दाराच्या बाहेरच्या अंगावर उजवीकडून डावीकडे सरकत होतो. खिडकीखाली फिकट पिवळ्या रंगाच्या दोन उभ्या रेघा दिसल्या तेव्हा हात थांबला. वर्गाचा रोमन आकडा! रेघांच्या उजव्या बाजूचे, जितके अंतर त्या दोघींमध्ये होते तितक्याच अंतरावरचे लाकूड मी अर्ध्या तासापूर्वी स्वच्छ घासून काढले होते. तिथे तिसरी रेघ होती. खाली फरशीवर सांडलेल्या तपकिरी भुशात फिकट पिवळे कण दिसत होते, आणि ते पाहून मला आधी हसू आले आणि मग हसू राहिले नाही. 1974 मध्ये जी बढती सरकारने दिली, ती मी आमच्या दाराला घरबसल्या देऊन टाकली होती. राहिलेला रंग मी तसाच सोडला. त्यामुळे दाराचा अर्धा भाग सागवानी आणि अर्धा पिस्ता आहे, आणि नव्या पाहुण्यांना पैसे कमी पडल्यासारखे वाटते.

गेल्या महिन्यात स्वयंपाकघराचे काम काढले. मिस्त्री मोजमाप घ्यायला आले, त्यांनी डावे दार टेपने मोजले, लॅमिनेटचे नमुने ओट्यावर पसरले आणि मग उजव्या दारासमोर जरा वेळ उभे राहिले.

"वहिनी, ह्ये दार बी काढायचंच न्हवं?" त्यांनी विचारले.

"यांना विचारा," बायको म्हणाली.

मी काही बोलायच्या आत मिस्त्रींनी चाप दाबून झडप वर केली, ती खाचेत नीट बसली असे समजून आत वाकून पाहिले आणि एक हात त्या खोलगट जागेवर टेकवला. "हात काढा," असे मी आणि बायको एकदमच ओरडलो.